उण्याचा रंग

एप्रिल निम्मा सरला की सोलापुरात सकाळी नऊलाच फरशी चटका देऊ लागते. खिडकीचे पडदे ओले करून सोडले तरी तासाभरात कडकडीत वाळतात. याच दिवसांत कधीतरी वर्तमानपत्रात ती बातमी येते, दर वर्षी जवळजवळ त्याच शब्दांत: उजनी धरण उण्यात गेलं. आमच्या कॉलेजच्या स्टाफरूममध्ये त्यावर पाचेक मिनिटं बोलणं होतं. आता नळाला पाणी किती दिवसांनी येणार, टँकरवाल्याचा नंबर कुणाकडे आहे, गच्चीवर आणखी एक टाकी बसवावी का. मी त्या बोलण्यात फारशी नसते. माझ्यासमोर विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांचा गठ्ठा असतो, आणि उन्हाळ्याबरोबर दर वर्षी माझ्याकडे येणारा हेवा येऊन शेजारी बसलेला असतो.

मी आकड्यांची चित्रं काढायला शिकवते. कागदोपत्री या विषयाला माहितीचं दृश्यीकरण म्हणतात. गावी हे सांगितलं तेव्हा आईनं शेजारच्या काकूंना सांगून टाकलं की मनी ड्रॉइंग मास्तरीण झाली. एवढं शिकून ड्रॉइंगच का, असं काकूंनी विचारल्यावर ती पाऊसपाण्याचं बोलू लागली. आमच्या घरात दहावीच्या पुढं गेलेली मी पहिली. मी नेमकं काय शिकले हे घरी समजावून सांगता येत नाही, याचं मला पूर्वी वाईट वाटायचं. आता वाटतं, आईचं फारसं चुकलेलं नाही.

काल एका विद्यार्थिनीनं तिचा प्रकल्प दाखवला. तो इतका चांगला होता की मी दोन मिनिटं त्यात चूक शोधत बसले. सापडली नाही. मग माझी मलाच लाज वाटली, आणि त्या लाजेमागून एमएस्सीच्या दुसऱ्या वर्षाचा उन्हाळा आला.

आमच्या विभागात थंड हवा फक्त संगणकांच्या खोलीत होती, तीही संगणकांसाठी. त्यामुळे एप्रिलमध्ये त्या खोलीत हजेरी भरपूर. मी होस्टेलवरून सकाळीच येऊन कोपऱ्यातली खुर्ची धरायची. शेजारी लावण्या. ती सोलापूरचीच, शहराच्या पूर्वभागातली. घरी तेलुगू, गल्लीत मराठी, आणि भांडताना दोन्ही. तिच्या गल्लीत यंत्रमागांचा खडखडाट इतका असायचा की तिला हळू बोलायची सवयच नव्हती. खोलीत शिरली की दारातूनच विचारायची, "काय करालीस गं?" आणि मी काय करत होते ते सगळ्या वर्गाला कळायचं.

विषय शिकवायला बिराजदार सर होते. अक्कलकोटकडचे, मृदू बोलणारे. पहिल्याच तासाला त्यांनी सांगितलं होतं की चित्र असं हवं, बघणाऱ्याला काही विचारावं लागू नये. मला तेव्हा हे सोपं वाटलं. गावच्या शाळेत चित्रकलेचा तास गणिताला दिलेला असायचा आणि आम्हाला त्याचं काहीच वाटायचं नाही. गुण मिळायचे ते तक्ता आखीव असण्याचे, रेघा दोन रंगांत मारण्याचे, एकही आकडा न गाळण्याचे. तेवढ्या शिदोरीवर मी पदवीपर्यंत पहिली येत गेले. या विषयात मात्र सर माझ्या चित्रासमोर थांबायचे, मान हलवायचे आणि पुढं जायचे. लावण्याच्या चित्रासमोर ते खुर्ची ओढून बसायचे.

एकदा तिनं मला घरी जेवायला नेलं. माडीवर खिडकीपाशी तिचे वडील चौकटींच्या मोठ्या कागदावर वाकलेले होते. चादरींवरची नक्षी आधी कागदावर काढावी लागते, ती काढणारे ते. एकेक चौकोन म्हणजे एकेक धागा. बारीक ब्रशनं ते चौकोन भरत होते: हा लाल, हे तीन सोडायचे, हा लाल. जवळून नुसते ठिपके दिसत होते. लावण्यानं मला दंडाला धरून चार पावलं मागं ओढलं, आणि कागदावर मोर उभा राहिला. तिचे वडील हसले. एक चौकोन चुकला तर प्रत्येक चादरीवर तीच चूक विणली जाते, असं काहीसं त्यांनी तेलुगू मिसळलेल्या मराठीत सांगितलं आणि मला अजून भात वाढायला सांगितलं. चिंचेचा भात चांगला झाला होता. पण माझं लक्ष त्या मोराकडेच होतं. आम्ही दोन वर्षं पुस्तकांतून जे शिकत होतो ते या मुलीनं परकराच्या वयात, माडीवर लोळत, बापाच्या खांद्यावरून बघितलं होतं. माझ्या वडिलांकडून मी काय बघितलं? धरणाकाठी आमची केळी आणि थोडा ऊस, आणि पाण्यावर बसवलेली मोटार. उन्हाळ्यात पाणी मागं सरकलं की वडील मोटार आणि पाइप पुढं सारायचे. गुडघाभर चिखलातून, दर काही दिवसांनी. त्यात शिकण्यासारखं काही असेल असं मला कधीच वाटलं नव्हतं.

हेव्याबद्दल एक गोष्ट मला त्या वर्षी समजली. फार वरच्या माणसाचा तो वाटत नाही. परदेशी विद्यापीठांतल्या मुलांची सुंदर चित्रं आम्ही पडद्यावर बघायचो, मला काही व्हायचं नाही. तो वाटतो बाकावर शेजारी बसणाऱ्याचा, जो आपल्या डब्यातली शेंगाचटणी न विचारता घेतो आणि आपल्याला आवडतोही.

त्या उन्हाळ्यात सरांनी शेवटचा प्रकल्प दिला. धरणाच्या रोजच्या पातळीच्या अनेक वर्षांच्या नोंदी होत्या. त्यांचं एकच चित्र काढायचं. पाण्याचा कारभार बघणाऱ्या एका कार्यालयाच्या कॉरिडॉरमध्ये ते लागणार होतं, कामासाठी येऊन ताटकळणाऱ्या लोकांना समजेल असं. तोंडी परीक्षेला त्या कार्यालयाचे लोक येणार, एक चित्र निवडणार, आणि ज्याचं चित्र त्याला तिथं जुन्या नोंदी नीट लावायचं काम मिळणार होतं. काम मोजक्या महिन्यांचं, पण ते मिळालं तर मी सोलापुरात राहणार होते. नाही मिळालं तर परीक्षा संपताच होस्टेल रिकामं करून गावी. गावी गेल्यावर पुन्हा बाहेर पडायला काय कारण सांगायचं, हे मला सुचत नव्हतं. लावण्यालाही ते काम हवं होतं. आम्ही दोघी एकमेकींना म्हणायचो, आपल्यापैकी कुणाला मिळालं तरी चालेल. ती ते मनापासून म्हणत असावी.

मी महिनाभर राबले. प्रत्येक वर्षाची एक रेघ, प्रत्येक रेघेचा वेगळा रंग, खाली खुणांची यादी, बाजूला मोजपट्टी, शून्याच्या वर आणि शून्याच्या खालीही. शून्याखालचा भाग मी सगळ्यात जपून काढला, कारण तो मला माहीत होता. शहरातल्या माणसाला वाटतं शून्य म्हणजे तळ. तसं नसतं. कालव्यांना पाणी सोडता येतं ती शेवटची पातळी म्हणजे शून्य. त्याच्या खालीही धरणात अफाट पाणी असतं, आणि आम्ही काठावरची माणसं त्या उण्यातच उन्हाळा काढतो. पाणी हटतं तसा गाळ उघडा पडतो, त्यावर लोक मका, कलिंगडं लावतात. बातमीत धरण उण्यात जातं तेव्हा आमच्याकडे गाळपेरणीची गडबड असते.

सरांनी माझं चित्र बराच वेळ बघितलं. मग म्हणाले, "मनीषा, यात चूक काही नाही. पण मला दिसतही काही नाही."

मी मान डोलावली आणि बाहेर जाऊन नळाखाली तोंड धरलं. नळाला तेव्हा पाणी नव्हतं.

दोन दिवसांनी लावण्यानं तिचं चित्र मला दाखवलं. अजून कुणाला दाखवलेलं नव्हतं. तिनं रेघ एकही मारली नव्हती. एक दिवस म्हणजे एक चौकोन. वर्षाची एक आडवी ओळ, ओळीखाली ओळ. पाणी जास्त तर गडद निळा, कमी होत जाईल तसा फिका. जवळून नुसते चौकोन. मी आपोआप चार पावलं मागं गेले, आणि सगळी वर्षं एकदम दिसली. पावसाळ्यानंतर पसरणारा निळा, हिवाळ्याभर टिकणारा, उन्हाळ्यात विरत जाणारा, आणि एका वर्षी तर निळा आलाच नव्हता, जणू तिथं कापड उसवलं होतं. ते वर्ष मला आठवत होतं. माझ्या चित्रात ती एक रेघ होती, दहा रेघांमधली.

"कसं झालंय?" तिनं विचारलं.

मी चांगलं झालंय म्हटलं. माझा आवाज मला दुसऱ्याचा वाटला.

मग तिनं दर ओळीतल्या उन्हाळ्याकडे बोट दाखवलं. तिथं पांढरे चौकोन होते. "उण्यातले दिवस हे. पांढरं सोडलंय. पाणीच नाही तर रंग कशाला?"

तिच्याकडून अशी चूक होणं साहजिक होतं. नळाला पाणी न येण्याचे दिवस भिंतीवरच्या कॅलेंडरवर मोजणाऱ्या घरातली ती. तिच्यासाठी उणे म्हणजे कोरडी बादली. मला एक वाक्य बोलायचं होतं, फार तर दोन. तेही तिनं लगेच ऐकलं असतं, कपाळाला हात मारला असता आणि तासाभरात दुरुस्त केलं असतं. मग त्या चित्रात एकही खोट उरली नसती.

मी म्हटलं, "हं."

एवढंच. खोटं काही बोलले नाही, अशी मी त्या रात्री स्वतःची समजूत घातली, आणि मला झोपही लागली.

परीक्षेला कार्यालयातून दोघे आले. एक तरुण अभियंता, आणि निवृत्तीला टेकलेले एक काका. धरणावर रोज सकाळी पातळी वाचून वहीत लिहिण्यात या काकांचं आयुष्य गेलेलं. आम्ही महिनाभर ज्या आकड्यांशी झटत होतो ते बहुतेक त्यांच्या हातचे होते. सगळी चित्रं भिंतीला लावलेली. दोघेही सरळ लावण्याच्या चित्राकडे गेले, जायलाच हवं होतं. अभियंता भराभर काही वर्षं ओळखून दाखवू लागला. काका आधी खूश होऊन बघत होते. मग त्यांनी चष्मा वर केला.

"बाई, हे पांढरं काय हाय?"

लावण्यानं सांगितलं की ते उण्यातले दिवस, तेव्हा धरणात पाणी नसतं.

काका हसले, दुष्टपणे नाही. "मग त्या दिवसांत मी काय वाचत हुतो? आन तुमी सोलापूरकर काय पीत हुता? हेच पांढरं प्यालात की."

वर्ग हसला. लावण्याही हसली, पण तिचे कान लाल झाले होते. सर वळून माझ्याकडे बघू लागले. मी पाण्याकाठची, आम्ही दोघी शेजारी बसणाऱ्या, तरी मी हिला सांगितलं कसं नाही, असं त्यांनी विचारलं. त्यात राग नव्हता, नुसतं नवल होतं.

"मला तिनं दाखवलं नव्हतं, सर."

हे वाक्य माझ्या तोंडून इतकं सहज आलं की मी आधीपासून तयार ठेवलं असावं. लावण्या माझ्यापासून दोन हातांवर उभी होती. ती भिंतीवरच्या माझ्या चित्राकडे बघत होती. तोवर काका माझ्या चित्रापाशी पोचले होते आणि शून्याखालच्या रेघांवरून बोट फिरवत होते. हे बरोबर हाय, म्हणाले. तिथं माझं काम ठरलं.

जिन्यावर लावण्या पुढं होती. मी तिला गाठायला नको म्हणून हळू उतरत होते, पण ती खालच्या पायरीवर थांबली.

"दाखवलं होतं की," ती म्हणाली, आणि गेली. आयुष्यात पहिल्यांदा हळू आवाजात बोलली असेल.

वाटलं होतं, काम मिळालं की हेवा थांबेल. कार्यालयात पहिल्याच आठवड्यात अभियंत्यानं माझं चित्र टेबलावर पसरलं आणि म्हणाला, आकडे तुमचे अगदी बिनचूक आहेत, आता हे जरा त्या मुलीसारखं चौकोनांचं करून द्या. त्यांना कॉरिडॉरमध्ये तेच लावायचं होतं. म्हणजे मी जिंकले होते ते तिचं चित्र पुन्हा काढण्यासाठी. मी दोन दिवस चौकोन भरले. ते चौकोन झाले, पण मागं सरकून बघितलं की काहीच उभं राहायचं नाही.

तिसऱ्या दिवशी तिला फोन केला. माफी मागायचं ठरवलं होतं, पण तोंडातून निघालं कामाचंच. तुझे चौकोन वापरू का, असं विचारलं.

"चौकोन काय माझ्या बापाचे आहेत?" ती फटकन बोलली. मग थोडा वेळ नुसता मागांचा आवाज येत राहिला. मग म्हणाली, "आहेत की. बापाचेच आहेत." आणि तिला हसू फुटलं. मलाही. आणि मला रडूही येत होतं ते तिला कळलं असावं, कारण ती पुढं एकदम कामाच्या आवाजात म्हणाली, "उण्याला रंग कुठला देणारेस?"

मी करडा म्हटलं.

"बघून सांगालीस, का मनानं?"

 ज्या काठावर लहानाची मोठी झाले त्याचा रंग मला बघितल्याशिवाय सांगता येत नव्हता. येत्या रविवारी गावाला चल, म्हटलं.

मेचा शेवट होता. एसटीतून उतरून आम्ही बांधावरून खाली गेलो. पाणी फार आत गेलं होतं. लावण्या वीतभर टाचांच्या चपला हातात घेऊन गाळातून चालत होती आणि दर दहा पावलांवर थांबत होती. मी वाटेतच सगळं सांगून टाकलं. मला माहीत होतं, मी मुद्दाम बोलले नाही, सरांशीही खोटं बोलले. ती खाली वाकून काहीतरी बघत होती. वर न बघताच म्हणाली, "तुला माहीत होतं हे मला भिंतीवर तुझं चित्र बघितलं तेव्हाच कळलं. आता रंग सांग."

मी सांगू लागले. पाण्यालगत काळा, चकचकीत. मग निळसर राखाडी, वर साय धरल्यासारखा. मग भेगा पडलेला भुरा. मग मक्याचा हिरवा. ती प्रत्येक रंगाला म्हणजे कसा, म्हणजे कशासारखा, असं विचारत राहिली, आणि मला प्रत्येक वेळी मान वळवून बघावं लागलं. मग तिनं मला पायाशी बघायला लावलं. गाळावर बारीक शिंपल्यांची एक पांढरी रेघ होती, लांबवर गेलेली. थोडं वर दुसरी. त्याच्यावर तिसरी. पाणी उतरताना जिथं काही दिवस थांबलं तिथं ते शिंपल्यांची ओळ सोडून गेलं होतं, हे तिनं अर्ध्या तासात ओळखलं. लहानपणी त्या शिंपल्यांनी माझे तळपाय कितीदा कापले होते. मी त्यांना शिव्या दिल्या होत्या, एवढंच.

"बघ," ती म्हणाली, "पांढरं आहे की थोडं."

वडील मोटारीपाशी होते. तिथून वर बांधापर्यंत बाभळीच्या खुंट्या ठोकलेल्या, एका ओळीत. मी शाळेतून आले की त्यांना दप्तर अडकवायची. लावण्यानं वडिलांना विचारलं की या कशाला. वडील मला कधी दिसले नव्हते इतके खुलले. मोटार सारली की जुन्या जागंला एक खुंटी ठोकायची, त्यांनी सांगितलं. दोन खुंट्यांत अंतर लई असलं तर समजायचं की पाणी पळालं, थोडं असलं की दमानं गेलं. मागच्या सालाच्या खुंट्या त्या पलीकडं, त्याआधीच्या त्याच्या पलीकडं. कुठल्या साली कुठं पळालं, ते बांधावर उभं राहिलं की दिसतं. लावण्या पळत बांधावर गेली आणि तिथूनच तिनं गल्लीतल्या आवाजात हाक मारली, "मने, अगं हा तक्ताच आहे की!"

मला ते बघवेना. माझं गाव, माझे वडील, माझ्या दप्तराच्या खुंट्या, आणि बघणारी ती. मी वडिलांना जरा घुश्शातच म्हटलं की हे मला कधी सांगितलं नाहीत.

वडील पाइपचा सांधा आवळत होते. "तू कवा इचारलंस?" ते म्हणाले. "तुला नेमी अभ्यास असायचा."

नवं चित्र लावण्याच्या माडीवर झालं. तिनं चौकोन लावले, मी एकेक आकडा तपासला, आणि उण्यातले दिवस गाळाच्या रंगांनी भरले, भुऱ्यापासून काळ्यापर्यंत. अधूनमधून एक पांढरा ठिपका, पाणी थांबलं तिथं. तोंडी परीक्षेत मी खोटं बोलले होते, हे सरांना सांगून टाकलं. त्यांनी चष्मा पुसला, मग खाली दोघींची नावं घालायला सांगितली. नावं टाइप करायला मीच बसले होते. काम माझ्याकडे होतं, आकडे माझे होते, गाव माझं होतं. मी तिचं नाव वर घातलं.

लावण्या आता बंगळुरात असते, मोठ्या कंपनीत तेच काम करते. फोनवर अजून ओरडते. कधी कुठल्या दाखल्यासाठी मला त्या कार्यालयात जावं लागतं. लोक चित्रासमोर उभे असतात, कुणाला काही विचारत नाहीत. बायका मुलांना बोट लावून दाखवतात की हे बघ, ह्या वर्षी तू झालास. मी मागं उभी राहून बघते, आणि पहिल्यांदा डोळ्यांत भरतं ते वरचं नाव. तिथं ते असायला हवं होतं आणि माझ्याच हातानं घातलंय. तरी प्रत्येक वेळी टोचतं.